शालनताईंची टेप

शालनताईंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. "पँट वर कर," म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढून माझ्या दोन्ही पोटऱ्यांची मापं घेतली. ठाण्याच्या सरकारी इस्पितळात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या रांगेत आम्ही बसलो होतो. डोंबिवलीच्या आसपास कोणी ओळखीचं भेटेल म्हणून मी मुद्दाम लांब ठाण्याला नाव घातलेलं. तोंड लपवायला आलो आणि चारचौघांत पाय उघडे टाकून बसलो.

ताई शहाडच्या लेडीज टेलर. पूर्वी एकदा त्यांचा पाय सुजला, तो मशीन चालवून सुजला असं समजून त्यांनी पंधरा दिवस तेल चोळलं. निघाली रक्ताची गुठळी. ती फुप्फुसापर्यंत गेली आणि ताई थोडक्यात वाचल्या. एचआयव्ही असलेल्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून रांगेतला एकही पाय त्यांच्या टेपेतून सुटला नाही. पोटऱ्या हलत्या राहाव्यात म्हणून स्वतःच्या मशीनची मोटार काढून त्यांनी ती पुन्हा पायाने चालवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं कुरकुरली तर म्हणायच्या, "ब्लाउज उशिरा मिळाला म्हणून कोणी मरत नाही."

चौथ्या खेपेला त्यांनी माप दोनदा घेतलं. उजवी पोटरी तेरा इंच, डावी सव्वाचौदा. क्रिकेट खेळताना पाय मुरगळला, असं मी ठोकून दिलं. खरं तर ऑफिसच्या मॅचमध्ये मी फक्त स्कोअर लिहिला होता. मग म्हटलं, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखवतो. तर त्या माझ्याबरोबर रिक्षात बसल्याच. शीळफाट्याला रिक्षा अडकली, तेवढ्यात त्यांनी रिक्षावाल्याच्याही पोटऱ्या मापून घेतल्या.

सोनोग्राफीत गुठळी दिसली. रक्त पातळ करणारी गोळी लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत का. शेजारी आमच्याच सोसायटीतली नर्स उभी होती. मी नाही म्हणालो.

"डॉक्टर, मला एचआयव्ही आहे," ताई म्हणाल्या. "माझी गुठळी झाली तेव्हा मी ते सांगितलं, म्हणून गोळी बदलून मिळाली. एचआयव्हीची आणि रक्त पातळ करायची काही औषधं एकमेकांना नडतात." मग माझ्याकडे वळल्या. "हा काय घेतो ते हाच सांगेल."

अनोळखी खोलीत, माझ्यासाठी, त्यांनी स्वतःचं झाकलेलं उघडं केलं होतं. मला माझीच लाज वाटली. मी माझ्या गोळ्यांची नावं सांगितली. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध खोडून दुसरं लिहिलं. नर्सने बीपी घेतलं आणि आजतागायत सोसायटीत अवाक्षर काढलेलं नाही.

पाय बरा झाला, पण डावी पोटरी जरा जाडच राहिली. ताईंनी माझ्या चारही पँटी नेऊन डावा पाय तेवढा सैल करून दिला. ऑफिसात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

यंदा त्या लेकीकडे कोल्हापूरला कायमच्या राहायला गेल्या. निरोप घ्यायला मी शहाडला गेलो. त्यांनी आधी माझ्या पोटऱ्या मापल्या, मग म्हणाल्या, "लेडीज टेलरने पुरुषाच्या पँटी उसवल्या, हे शहाडमध्ये कळता कामा नये. तुला गुपितं ठेवायची हौस आहे ना, मग हे ठेव."