रुमालातला रोटर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. अमुक चिंचेखालून जाऊ नका म्हटलं की मुद्दाम तिथूनच जाणारा माणूस मी. गाडीचंही तसंच. माझ्या गाडीला मेकॅनिकचा हात कधी लागू दिला नाही. बिघाडाला कारण असतं, कारण सापडलं की दुरुस्ती होते — माझा हिशेब सरळ होता. तो एकदाच चुकला... तेवढंच सांगतो.

बावन्न-त्रेपन्नची गोष्ट. घोडबंदर रोडवरच्या एका दगडखाणीवर मी सुपरवायझर होतो. ठाणं आठ मैल, मध्ये सगळं रान. माझ्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. बायकोला, सुधाला, नववा महिना लागलेला. मूल आडवं आहे, कळा सुरू होताच ठाण्याला आणा, सुईणीवर सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दसऱ्याची सकाळ. पूजेसाठी गाडी धुतली, पण मला कुठलं चैन पडायला! म्हटलं, इंजिनातला डिस्ट्रिब्यूटरही झाकण उघडून साफ करू.

"अहो, चालत्या गाडीला हात कशाला लावता?" सुधा दारातून म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ओट्यावर जुनं धोतर अंथरून एकेक भाग ओळीने मांडत होतो, आणि रोटर हातातून निसटला. प्लगांना ठिणगी वाटून देणारा लिंबाएवढा तुकडा तो... दगडावर पडून सरळ दोन भकलं झाली. त्याच्या पितळी पट्टीवर कानशीने मीच खुणेच्या तीन रेघा ओढल्या होत्या. नमुना म्हणून दोन्ही भकलं रुमालात गाठ मारून बांधली. धोतरावर त्याच्या जागी झेंडूचं फूल ठेवलं, शेजारच्या बारकीबाईंना सुधाजवळ बसवलं आणि सायकल काढली.

ठाण्यात अर्धी दुकानं बंद. उघडी होती तिथे हत्यारं पूजेत. "आज पान्याला हात लावत नाही साहेब, उद्या या." तिथून रेल्वेने शहाडला गेलो. लढाई संपल्यापासून लष्करी गाड्यांचं भंगार तिकडे मिळायचं. टेकचंद नावाच्या भंगारवाल्याने माझी भकलं जुळवून पाहिली, तीन डबे उपसले, आणि भकलं परत देत मान हलवली. "ये गाडी का माल इधर नहीं मिलेगा, साब." मी ती पुन्हा रुमालात गाठ मारून बांधली.

परत येईतो दुपारचे तीन वाजले. बारकीबाई आतूनच ओरडल्या, "आयलास रं दादा? पोरीला कला सुरू झाल्यान!"

सायकल तशीच टाकली. माझ्या खाजेपायी बायको जाणार, मूल जाणार... हे अगदी याच शब्दांत मनात आलं. आणि नजर धोतरावर गेली. झेंडूचं फूल बाजूला सरकलेलं. त्याच्या जागी रोटर. अख्खा. पट्टीवर तीन रेघा.

रुमाल सोडला. गाठ मी मारलेलीच होती. आत फक्त काळा डाग.

"इथे कोण आलं होतं?"

"कोन नाय. मी पोरीजवलशी हालले नाय."

विचार करायला वेळ कुठे होता? रोटर आणि बाकीचे भाग भराभर बसवले, हँडल मारलं. पहिल्या फेरीत गाडी सुरू! संध्याकाळी ठाण्याच्या इस्पितळात मुलगी झाली. आणखी तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे सहा वर्षं गाडी बिनतक्रार चालली. आणि मी, सगळं उघडून बघणारा मी, डिस्ट्रिब्यूटरच्या त्या झाकणाला हात लावला नाही. भीती वाटायची, दुसरं काय!

शेवटी गाडी मोडीत काढली. न्यायला टेकचंदच आला. अंगणात गाडी एक चक्कर फिरवून त्याने थांबवली. म्हटलं, तो रोटर तेवढा आठवण म्हणून काढून घेऊ.

"अहो," मुलीचा हात धरून उभी असलेली सुधा म्हणाली, "चालत्या गाडीला हात कशाला लावता?"

मी झाकण उघडलं. आत दोन भकलं पडली होती. टेकचंदने ती उचलून जुळवली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाला, "साब, ये तो वही है..."

गाडी त्यानंतर सुरू झाली नाही. बैल जोडून न्यावी लागली.

ओळखीच्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक हसला, दुसऱ्याने विषय बदलला. भकलं त्याच रुमालात, कपाटात आहेत. मुलगी माहेरी आली की विचारते, "बाबा, दाखवा ना एकदा." मी रुमाल तिच्या हातात देतो. गाठ मात्र सोडू देत नाही.