बेबाबाईला सळई, मग मला गोळा का?

भडगावच्या बाजारपेठेत लाडकुंवरबाईंच्या घरचं कापडाचं दुकान आहे. वय शहात्तर. दूधवाला गेला की त्या दुधात बोट बुडवून बघत, औषधाच्या पाकिटावरची तारीख भिंग लावून वाचत. मार्चमध्ये गॅसचं सिलिंडर आलं, तेव्हा त्याचं सील शाबूत आहे का हे बघायला त्या ओट्यावरून घाईने उतरल्या आणि पाय घसरून उजव्या अंगावर आपटल्या. उठता येईना. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि आखूड दिसत होता.

मुलगा अखिल त्यांना जळगावला घेऊन गेला. एक्स-रे बघून डॉक्टर हितेंद्र म्हणाले, खुब्याजवळ हाडाची मान मोडलीय, तुकडा सरकलाय. वरचा गोळा काढून धातूचा बसवावा लागेल, आणि तोही एक-दोन दिवसांत.

हे ऐकताच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. शेजारची बेबाबाई दोन वर्षांपूर्वी अशीच पडली होती. तिला धुळ्याला नुसती सळई टाकली, गोळा कुणी काढला नव्हता. मग आपलंच हाड काढायची घाई कशाला? त्या ऑपरेशनच्या कागदावर सही करेनात. अखिलने समजावलं तर त्याच्यावरच उखडल्या. तुला डॉक्टरने काय पढवलंय, असं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "बेबाबाईच्या हाडाचा फोटो आण. दोन्ही शेजारी ठेवून मला दाखवा."

अखिलने फोन केला. दुसऱ्या दिवशी बेबाबाई स्वतःच एसटीने आली, काठी टेकत, काखेत एक्स-रेचं पाकीट घेऊन.

"मना मांडीमा सळई शे, अक्का. दोन वरीस व्हयनात, चालस ना मी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडाच्या पाटीवर लावले. बेबाबाईचं हाड मानेच्या खाली मोडलं होतं. तिथे रक्त भरपूर येतं, त्यामुळे सळईने धरून ठेवलं की हाड जुळतं. बाईंचं मोडलं होतं मानेतच, आणि तुकडा सरकल्यामुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्याची भीती होती. तुकडा सरकला नसता तर तीन स्क्रूंवर भागलं असतं. आता स्क्रू लावले तर हाड न जुळण्याची शक्यता मोठी, आणि मग पुन्हा टेबलावर जावं लागेल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते फोटो धुळ्याला, बेबाबाईच्या डॉक्टरांकडे पाठवायला लावले. संध्याकाळी उत्तर आलं: गोळा बदलावाच लागेल, मात्र बाई पडण्याआधी स्वतःच्या पायांवर चांगल्या हिंडत-फिरत असतील तर गोळ्याबरोबर वाटीही, म्हणजे पूर्ण सांधाच बदलण्याचा विचार व्हावा.

"बघ," बाई अखिलला म्हणाल्या, "हा अर्धा सांगतो, तो पूर्ण सांगतो."

डॉक्टर हितेंद्र आले तेव्हा बाईंनी सरळ विचारलं. पूर्ण सांध्याचं त्यांच्याही मनात आलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पण बाईंचं हृदय जरा कमकुवत आहे, पूर्ण सांध्याला वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांनी अर्धाच ठरवला होता.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायला हवं होतं, आजी. माझं चुकलं."

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुकानात चाळीस वर्षं बसून त्यांनी खूप माणसं पाहिली होती, पण आपलं चुकलं असं म्हणणारी फार थोडी. त्यांनी पेन मागितलं. अर्धाच बसवा, म्हणाल्या.

या सगळ्यात तिसरा दिवस उजाडला होता आणि पडून राहिल्यामुळे छातीत कफ धरला होता. कमरेखाली भूल देऊन ऑपरेशन झालं. बाई जाग्या होत्या. पडद्याआडून हातोडीचे ठोके ऐकू येत होते आणि प्रत्येक ठोक्याला त्या भूलतज्ज्ञाला, आता काय चाललंय, असं विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं केलं. दुखत होतं, पण पाय खाली टेकला. खोकल्यामुळे मात्र आठवडाभर जास्त राहावं लागलं. उशीर केला नसता तर कदाचित हे टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी त्यावर वाद घातला नाही.

घरी आल्यावर नवीनच शंका निघाली. उजवा पाय आता लांब झालाय, असं त्यांना वाटू लागलं. सगळे म्हणत, तुमच्या मनाचे खेळ आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना मोजायलाच लावलं. पाय खरंच थोडा लांब निघाला, जेमतेम अर्धं बोट. डॉक्टरांनी डाव्या चपलेत पातळ गादी घालायला सांगितली.

आता त्या काठी घेऊन जैन स्थानकापर्यंत, म्हणजे प्रार्थनागृहापर्यंत जातात. जमिनीवर बसायला मनाई असल्यामुळे सामायिक, म्हणजे तिथलं नेमाचं ध्यान, खुर्चीवर बसून करतात. खाली बसलेल्या बायका आपल्याकडे बघून काय बोलत असतील, याचा मात्र त्यांना अजून संशय येतो.