मत नसलेल्या बायका

माझा जन्म बेळगावचा. आमचे अण्णा कोर्टात कारकून होते आणि आवाज चढवून बोलणं आमच्या घरात गुन्हाच समजत. मी शाळामास्तर झालो, चार पुस्तकं वाचली आणि मित्रांच्या नादानं रविवारी सायकलवरून मच्छ्याला, बेळगुंदीला, अशा जवळपासच्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांपुढं बोलू लागलो. ते ऐकून घ्यायचे, निघताना ओंजळभर शेंगा हातावर ठेवायचे, "या परत" म्हणायचे. मला वाटायचं, झाली जागृती! पुढं एका मिरवणुकीत लाल बावटा धरून चाललो म्हणून शाळेनं मला काढून टाकलं. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पानावर बसता बसता म्हणाले, "नोकरी गेली ती गेली. आता जे करशील ते अर्धवट करू नको."

लाल बावट्याच्या आमच्या गटानं मला निपाणीला धाडलं. तिथं तंबाखूच्या वखारी, आणि वखारींतून राबणाऱ्या शेकडो बायका. त्यांची संघटना बांधायची, असं ठरलं होतं. मी पुस्तकांनी भरलेली ट्रंक घेऊन उतरलो. गावात पाय टाकला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर शिंकलो. एक, दोन, सात-आठ शिंका. टांगेवाला हसून म्हणाला, "नवं दिसतायसा. आठ दिसांत मुरशिला."

पहिली सभा एका वखारीच्या फाटकाशी, दुपारच्या सुट्टीत. बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मी अर्धा तास भांडवल, मालकशाही, जगातले कामगार असं सगळं बोललो. कुणी मधे उठलं नाही, कुणी हसलं नाही. संपल्यावर एक चाळिशीची बाई पदरानं तोंड पुसत पुढं आली. उंच, काळीसावळी, आवाज घोगरा, खोल विहिरीतून यावा तसा. सगळ्या तिला आक्का म्हणत. मीही पुढं आयुष्यभर आक्काच म्हटलं.

ती म्हणाली, "मास्तर, तुमी लई शिकल्यालं दिसतायसा. पर आमी आत काय करतो ते बघितलंयसा काय?"

मी म्हटलं, "नाही. मुकादम आत सोडत नाही."

"मग न बघता कशापायी बोलतायसा?"

दुसऱ्या दिवशी तिनंच युक्ती केली. हमालांसारखी गोणपाटाची खोळ माझ्या डोक्यावर चढवली आणि पोती आत नेणाऱ्यांच्या रांगेत मला मधे घातलं. मान खाली घालून मी आत गेलो.

जाड भिंतींची लांबच लांब वखार. वर पत्रा. खिडक्या होत्या, पण सगळ्या बंद, काहींवर तर फळ्या ठोकलेल्या. वारा आला की बारीक माल उडतो, पान सुकून वजनाला हलकं पडतं, म्हणून मालकांचा तसा नियमच होता. दोन कंदिलांच्या उजेडात बायका तंबाखू कुटत होत्या, चाळत होत्या. चाळणी हलली की तंबाखूच्या बारीक धुळीचा खकाणा उठे आणि तिथंच तरंगत राही. नाकातोंडावर फडकी बांधलेली, भुवया पिवळ्या पडलेल्या. एकीच्या शेजारी ओट्यावर तिचं तान्हं लेकरू निजलं होतं, त्याच्या तोंडावर ओलं फडकं. मी पोतं टाकलं आणि माझा श्वासच अडकला. डोळ्यांची आग आग झाली. आक्कानं दंडाला धरून मला मागच्या दारानं बाहेर काढलं. मी भिंतीला टेकून ओकत होतो आणि आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुचेष्टेचं हसणं नव्हतं ते. घरचं पोर पहिल्यांदा घोड्यावरून पडलं की हसतात, तसं.

"किती वेळ होतो मी आत?" मी विचारलं.

"पान लावून खायला लागतोय तेवढा," ती म्हणाली. "आमी पंधरा वर्सं हाय."

त्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंक उघडली नाही. पंधरा वर्षं! ज्या हवेत मला एक पान खाण्यापलीकडं वेळ काढता आला नाही, तिथं ही माणसं बसून गप्पा मारतात, ओव्या म्हणतात, पोरं वाढवतात. त्यानंतर मी फाटकाशी भाषण कधी केलं नाही. विचारायचो आणि लिहून घ्यायचो. बायकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. खिडक्या उघडा, आणि हात-तोंड धुवायला एक नळ द्या.

दोन वर्षं अशी गेली. माझं रोजचं काम काय? अर्ज लिहायचे. कचेरीत जाऊन कानडी कारकुनापुढं माझ्या मोडक्या कानडीत ते वाचायचे, तो माझे उच्चार सुधारत सुधारत ठेवून घ्यायचा. नवरा-बायकोची भांडणं सोडवायची, मर्तिकाला जायचं, बारशाला जायचं. वखारीच्या खिडक्या तेवढ्या जशाच्या तशा बंद राहिल्या. मग नगरपालिकेच्या निवडणुका आल्या आणि गटानं मला उभं राहायला सांगितलं. आमच्या वॉर्डात समोर जो उभा होता, त्याच्या स्वतःच्या दोन वखारी होत्या. मी ज्या वखारीमागं ओकलो, तीही त्याचीच.

मतदारांची यादी आणली आणि मी हबकलो. इंग्रजांच्या त्या काळी घरपट्टी भरणारा, मालमत्ता असलेला, थोडं शिकलेला, अशांनाच मत. अख्खा वॉर्ड कष्टकऱ्यांचा, पण यादी दोन-चार पानांत संपली. वखारीतल्या एकाही बाईचं नाव त्यात नव्हतं.

हे त्यांना सांगायला मला फार लाज वाटली. आक्काच्या अंगणात पंचवीस-तीस जणी जमल्या होत्या. मी यादी हातात धरून म्हटलं, "तुमच्यातल्या कुणालाच मत नाही."

मग आक्का म्हणाली, "आमाला न्हाय, ते कळलं. ज्यांना हाय, त्यांची नावं वाचा की."

मी वाचत गेलो. प्रत्येक नावाला कुणीतरी हात वर करी. "हितं मी धुणं धुतलंय." "ह्येंच्या बायकूचं बाळंतपण माज्या आईनं केलतं." "ह्येंच्या घरी मी शेण्या घालते." अर्ध्या तासात सगळी यादी वाटली गेली. ज्यांची दारं मी बिचकत ठोठावणार होतो, त्या घरांच्या परसदारी त्यांचा रोजचा राबता होता. दोन वर्षं मी त्यांची संघटना बांधतोय असं समजत होतो. ती तिथं आधीच होती, मला फक्त दिसली नव्हती.

एका संध्याकाळी आक्काबरोबर मी एका किराणा दुकानदाराकडं गेलो. माणूस कडक, वखारमालकाच्या बैठकीतला. मला बघताच त्यानं तराजू पुसायला घेतला. आक्का ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "मालक, तुमच्या थोरल्याला मी पाजलंय. आठवतंय न्हवं?"

तो गडबडून म्हणाला, "व्हय, आक्का. ते कसं विसरीन?"

"त्येचं काय मागायला आले न्हाय. दूध मागारी घेत न्हाईत. त्यो पोरगा माजाबी हाय म्हणून सांगते, वखारीत आल्यापासनं मी कुणाच्या लेकराला पाजलं न्हाय. पाजवंना. दुधाला बी खकाण्याचा वास येतोय. खिडकी उघडाय पायजे. मत कुणालाबी घाला, पर येवढं ध्येनात ठेवा."

एवढं बोलून ती वळली. दुकानदार तसाच उभा होता, हातातलं फडकं तसंच. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर माणूस गप्प चालतो, तसा तिच्या मागून चालत राहिलो.

मतदान शाळेत होतं. सकाळी मी पोचलो तर शाळेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बायका उभ्या. सगळ्यांनी रजा टाकली होती. न्हाऊन, ठेवणीतली लुगडी नेसून, कपाळभर कुंकू लावून आल्या होत्या. ज्यांना कुंकू नव्हतं त्याही तशाच स्वच्छ, ताठ. हातात बावटा नाही, तोंडात घोषणा नाही. येणारा मतदार दोन रांगांमधून जाई आणि त्या फक्त त्याच्याकडं बघत. कुणी मान खाली घाले, कुणी हात जोडी. एक म्हातारे गृहस्थ चपला काढून हातात घेऊन गेले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मालकाच्या माणसांनी तक्रार केली. फौजदार आला. छडी हलवत त्यानं आक्काला विचारलं, "तुमाला मत हाय?"

"न्हाय, साहेब."

"मग हितं कशाला आलायसा?"

"मत कसं असतंय ते बघाय आलोय," ती म्हणाली. "कदी बघितलं न्हाय."

फौजदारानं तिच्याकडं बघितलं. मग रांगेकडं, टोकापर्यंत. त्यानं छडी काखेत धरली आणि "रस्ता मोकळा ठेवा" एवढंच म्हणून समोरच्या झाडाखाली जाऊन बसला. ऊन चढलं, कलंडलं, बायका हलल्या नाहीत. एकीला भोवळ आली तर तिला सावलीत नेलं आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोर्चे पाहिले, मोठमोठ्या सभा पाहिल्या. इतका जोर मला दुसऱ्या कशात दिसला नाही.

मी पडलो. अगदी थोड्या मतांनी, पण पडलोच. त्या पालिकेत आमच्यासारख्याला इतकी मतं पडणं हेही नवल होतं, असं लोक म्हणाले. मला ते ऐकवेना. ज्यांनी दिवसभर उन्हात उभं राहून माझ्यासाठी इतकं केलं, त्यांना तोंड कसं दाखवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार लावून बसलो. बेळगावला परत जावं असंही मनात आलं.

दारावर थाप पडली. आक्का होती. तोवर ती मला 'तुमी' म्हणत असे. त्या दिवशी म्हणाली, "ऊठ रं. तोंड धू. बाया खोळंबल्यात."

"कुठं?"

"वखारीला. आत कोण गेलं न्हाय."

"पण मी पडलो, आक्का."

"ते कळलंय सगळ्या गावाला. खिडकी तुज्या मतावर हुती व्हय? चल."

फाटकाबाहेर सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आजही ठाऊक नाही. मुकादम ओरडून थकला. दुपारी त्यानं खेड्यांतून दोन बैलगाड्या भरून दुसऱ्या बायका आणल्या. गाड्या फाटकापाशी थांबल्या. बसलेल्यांतली एक उठून गाडीजवळ गेली आणि म्हणाली, "मावशी, तू व्हय गं?" गाडीतली म्हातारी खाली उतरली, तिच्या शेजारी येऊन बसली. मग दुसरी उतरली. मग गाड्याच रिकाम्या झाल्या.

तीन दिवस ते चाललं. हंगामाचा माल पडून होता, व्यापारी निरोपावर निरोप धाडत होते. चौथ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आला. नव्यानं निवडून आलेला, पण चेहरा उतरलेला. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही, आक्कालाच म्हणाला, "खिडक्या उघडतो. जाळी लावून. नळाचं मागनं बघू."

सुतार आला. त्यानं पूर्वेच्या खिडकीवरच्या फळ्या एकेक करून उचकटल्या. मुकादमानं या खेपेला मला अडवलं नाही, मी दारातच उभा होतो. शेवटची फळी निघाली आणि उन्हाचा जाड पट्टा तिरपा आत पडला. त्या पट्ट्यात खकाणा दिसला. सोन्याच्या भुग्यासारखा, दाट, हळूहळू फिरणारा, पत्र्यापासून जमिनीपर्यंत भरलेला. कंदिलाच्या उजेडात तो इतका कधी दिसलाच नव्हता. सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या आणि वर बघत राहिल्या. एक पोरसवदा बाई हळूच म्हणाली, "आगं बाई, येवढं गिळत हुतो व्हय आपण?" आक्कानं पुढं होऊन त्या उजेडात हात धरला, हाताची पालथी बाजू, मग तळवा, असं करून बघितलं. मग फडकं तोंडावर बांधलं आणि चाळणी उचलली.

पुढच्या निवडणुकीला मी निवडून आलो. नळही मिळाला, पण तेवढ्यासाठी किती फेऱ्या मारल्या ते सांगत बसत नाही. आक्काचा खोकला वाढत गेला. डॉक्टरांनी वखार सोडायला सांगितली, ती सोडली नाही. स्वातंत्र्य आलं त्या सकाळी पालिकेपुढं झेंडा चढला, साखर वाटली. ती गर्दीत मागं उभी होती. मी जवळ गेलो.

"आता आमाला मत मिळंल म्हणत्यात. खरं काय?" तिनं विचारलं.

"मिळेल, आक्का. सगळ्यांना मिळणार."

तिनं झेंड्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मिळालं म्हणजे तुलाच घालीन असं समजू नको हं. बघीन तू काय करतोस ते, मग ठरवीन."

मी हसलो, पण ती हसत नव्हती. मला थोडं भ्यायला झालं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. त्याच दुपारी तिच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. झेंड्याची सुट्टी होती, ते माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कचेरीला कुलूप होतं. मी पायरीवर थोडा वेळ बसलो आणि घरी आलो.