खालच्या काकींचे मागीलदार

उजव्या हाताची तर्जनी कुंडीतल्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची, क्षणभर तशीच ठेवायची, मग बाहेर काढून अंगठ्यावर घासायची आणि निकाल द्यायचा, "तहान नाय अजून. उद्या बघू." आमच्या खालच्या काकींचा दिवस असा सुरू होत असे. बोट आपल्याच कुंडीत घालावे असा काही नियम त्यांनी पाळला नव्हता. बँकेच्या दारातली शोभेची झाडे, पोस्टाच्या खिडकीतला मनीप्लांट, लग्नाच्या हॉलबाहेर ओळीने मांडलेल्या कुंड्या, जिथे माती दिसेल तिथे काकींचे बोट जाई.

एकदा माझ्या पत्नीबरोबर त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात एक उंच, हिरवेगार झाड होते. काकी सवयीने वाकल्या, बोट घातले, आणि बोटाला थर्माकोल लागला. आत गेल्यावर स्वतःचे दुखरे गुडघे राहिले बाजूला. त्यांनी गंभीरपणे सांगितले, "डॉक्टर, बाहेर कोपऱ्यातल्या पेशंटचं काय खरं नाय." डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते, असे पत्नी सांगते.

अशी माणसे तुमच्याही शेजारात असतील. त्यांच्याकडे पाहताना आपण हसतो, आणि हसता हसता त्यांना नीट पाहायचे राहून जाते. माझे तसेच झाले. म्हणून हे लिहितो आहे.

रत्नागिरीतली आमची इमारत आठ बिऱ्हाडांची. तळमजल्यावर मागच्या बाजूला काकी आणि बरोबर त्यांच्या वर आम्ही. काका बोटीवर खलाशी होते. ते जाऊन पुष्कळ वर्षे झाली. एकुलती मुलगी राजापूरला दिलेली. काकी एकट्याच राहत, पण त्यांच्याकडे पाहून ‘एकटी’ हा शब्द कुणाला सुचला नसता. त्यांच्या मागच्या दारापासून जांभ्या दगडाच्या कुंपणापर्यंत चार पावले रुंद आणि बारा पावले लांब अशी एक पट्टी होती. कागदोपत्री ती सोसायटीची, पण सगळे तिला काकींचे मागीलदार म्हणत. त्या पट्टीत अबोली होती, गावठी गुलाब होता, गवती चहा आणि ओवा होता, न्हाणीच्या पाण्यावर माजलेले अळू होते, आणि कोपऱ्यात माझ्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत पोहोचलेला कढीपत्ता होता. कुंडी म्हणून विकत आणलेली वस्तू एकही नव्हती. रंगाचे डबे, कान तुटलेला कुकर, चिरलेली बादली आणि जावयाचे जुने हेल्मेट. हेल्मेटात सदाफुली लावली होती. "हिला अपघाताचं भय नाय," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

घरातही तीच गर्दी. ओट्याजवळच्या खिडकीत, कपाटावर, न्हाणीघराच्या झरोक्यात झाडेच झाडे. दर सोमवारी काकी घरातली प्रत्येक कुंडी अर्ध्या वळणाने फिरवत. "एकाच कुशीवर निजून अंग धरतं ओ," असे म्हणत. आतल्या कुंड्यांपैकी पाळीपाळीने चार कुंड्या दिवसभर मागीलदारी सावलीत बसवल्या जात. त्या दिवशी त्या कुंड्यांना कुणी हात लावायचा नाही. "आज त्यांची सुट्टी हाय."

माझाही गॅलरीत एक छंद होता. मी विज्ञानाचा शिक्षक. झाडाला काय लागते हे मला तक्त्यासकट ठाऊक होते. शहरातल्या रोपवाटिकेतून कलमी गुलाब आणले, पुण्याहून पिशवीबंद खत मागवले, वहीत पाण्याच्या वेळा लिहून ठेवल्या. तीन गुलाब एकामागून एक काळे पडले. तिसऱ्या गुलाबाशी मी वही उघडून उभा असताना खालून आवाज आला, "काय ओ सर, त्याची तोंडी परीक्षा घेताय की काय?"

शेजारच्या दोन गॅलऱ्यांतली माणसे हसली. मीही हसलो. पण ते हसणे खरे नव्हते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ त्या हसण्यात आहे, असे आज मला स्वच्छ दिसते.

काकींकडे रोज सकाळी मासे घेऊन एक बाई येई. बांगडे असोत, मांदेली असोत, काकी ते मागीलदारच्या दगडावर बसून साफ करत. धुतलेले पाणी बादलीत घेत, त्यात दुप्पट साधे पाणी ओतत आणि झाडांना घालत. अर्धा तास वास राही, मग जाई. इतर दिवशी मी त्या वेळी शाळेत असे. रविवारी मात्र मी गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसलेलो असायचो. आमचे घर शाकाहारी. तरी इतकी वर्षे त्या वासाचे मला काही वाटले नव्हते. गुलाबाच्या प्रसंगानंतर वाटू लागले.

सोसायटीचा सचिव मीच होतो. मार्गशीर्षात मी फळ्यावर सूचना लावली. ‘इमारतीच्या आवारात दुर्गंधीयुक्त पाणी टाकण्यास सक्त मनाई आहे.’ कुणाचे नाव लिहिले नाही. नाव न लिहिणे ही सभ्यता आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वास्तविक ते धैर्य नसणे होते.

पुढच्या रविवारी जिन्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. मी सूचना वाचून दाखवली.

"काकी, यात वैयक्तिक काही नाही," मी म्हणालो. "पण वर वास येतो."

"येणारच ओ सर. मासळीचं पाणी हाय, अत्तराचा वास कुठून आणू?"

सभेत हशा पिकला. मी आवाज चढवला नाही. आवाज न चढवता बोलण्याचा मला अभिमान आहे. "हा स्वच्छतेचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "झाडांसाठी बाजारात खते मिळतात."

काकींनी माझ्याकडे पाहिले. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, मग माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या पत्नीकडे पाहिले आणि तोंड मिटले. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. "बरं. नाय घालणार. शब्द दिला."

मी घरी आलो तो जिंकल्यासारखा. जेवताना त्याच सुरात काही बोललोही. पत्नी आमटी वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली.

"ही आमटी कशी झालीय?"

"छान. का?"

"त्यातला कढीपत्ता कुठला आहे?"

मी वाटीत पाहिले.

"अहो, सोळा वर्षं आपल्याकडे त्याच झाडाचा कढीपत्ता येतो. ते झाड त्याच पाण्यावर वाढलंय. इमारतीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे. तुम्हालाच फक्त सांगितलं नव्हतं."

"मग काकी सभेत बोलल्या का नाहीत? एका वाक्यात मला गप्प केलं असतं."

"मी आत्ताच विचारून आले त्यांना." तिने पळी पुन्हा उचलली. "म्हणाल्या, सांगितलं असतं तर सरांचं जेवण गेलं असतं. कढीपत्त्याशिवाय त्यांना आमटी जात नाय, तूच म्हणतेस ना."

मी आठवीच्या वर्गाला नायट्रोजन चक्र शिकवतो. मेलेल्याचे मातीत काय होते आणि मातीतून ते झाडात कसे येते, हे फळ्यावर बाण काढून समजावतो. त्या दिवशी आमटीचे ताट पुढे घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. अन्नाची किळस आली नव्हती. किळस आली ती माझ्या सक्त मनाईची.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी सूचना काढून टाकली. वाटले, एवढ्याने भागेल. काकींनी रिकामा फळा पाहिला, पण बादलीला हात लावला नाही. मासे धुतलेले पाणी मोरीत जाऊ लागले. पत्नीने त्यांना पुन्हा सुरू करायला सांगितले, तेव्हा म्हणाल्या, "मिटिंगमध्ये शब्द दिलाय मी. कागद काढला म्हणून शब्द निघतो काय?"

पौषात कढीपत्ता पिवळा पडू लागला. माघात त्याच्या नुसत्या फांद्या दिसू लागल्या. रोज सकाळी गॅलरीचे दार उघडले की ते झाड माझ्यासमोर उभे. तरी चार-सहा पाने असत, ती काकी खुडून पत्नीकडे पाठवत. ‘चुकलो’ हा शब्द मी जिना उतरताना रोज घोळवत असे. त्यांच्या दाराशी आलो की "काय काकी, बरं आहे ना?" एवढेच तोंडातून बाहेर पडे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला क्षमा मागण्याचा सराव राहिलेला नसतो. निदान मला नव्हता.

फाल्गुनात काकी न्हाणीत घसरल्या. उजवे मनगट मोडले. राजापूरहून मुलगी आली आणि तिने ठरवूनच टाकले, आईला आता एकटे ठेवायचे नाही. आठ दिवसांत सामान बांधून निघायचे. काकींनी दोन दिवस वाद घातला, तिसऱ्या दिवशी गप्प झाल्या. माझ्यापाशी पाच दिवस उरले होते.

रविवारी सकाळी मी पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला, स्कूटर काढली आणि मासळी बाजारात गेलो. इतकी वर्षे रत्नागिरीत राहून तिथे पहिल्यांदाच. कुठे उभे राहावे, कसे विचारावे, काही कळेना. एका फळीमागून हाक आली, "सर! रस्ता चुकलात काय?"

माझी जुनी विद्यार्थिनी होती. हातात कोयती, समोर सुरमई.

"मासे नकोत मला. धुतलेलं पाणी हवंय."

तिने कोयती खाली ठेवली. "पाणी? सर, बरं हाय ना तुम्हाला?"

"झाडाला घालायचंय."

"मग असं सांगा की! घाबरवलंत." तिने कॅन भरून दिला, झाकण घट्ट लावले आणि वर बजावले, "हळू चालवा हां. सांडलं तर आठ दिवस स्कूटर कुणाला देऊ नका."

दोन पायांत कॅन धरून मी परत आलो. काकी मागच्या पायरीवर हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या. मी काही न बोलता मागीलदारी शिरलो, झाकण काढले आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी कॅन तिरका केला.

"ओ! ओ सर! मुळावर नको. वीतभर लांब घाला. आणि साधं पाणी मिसळलंत काय? जाळाल त्याला."

मी नळावरून बादली भरून आणली. दुप्पट पाणी मिसळले. त्या पायरीवरून सांगत होत्या, मी गोल फिरत ओतत होतो. वरच्या गॅलऱ्यांत माणसे येऊन उभी राहिली होती. पॅंटवर शिंतोडे उडाले. कॅन रिकामा झाला, तेव्हा पाठ वळवूनच मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

"हां. ते ठाऊक हाय." मग झाडाकडे पाहत म्हणाल्या, "पण एक सांगू? थंडीत हा दरवर्षीच पानं टाकतो. मासळी घाला नायतर दूध घाला. होळी झाली की फुटतो परत. तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत."

मी वळून पाहिले. त्या हसत नव्हत्या. पण हसू आवरायला त्यांना बरेच कष्ट पडत होते, हे दिसत होते.

"मग मला आधी का नाही सांगितलंत? तीन महिने..."

"तुम्ही कुठं विचारलंत? दारात येऊन रोज आपलं, बरं आहे ना, बरं आहे ना." मग चांगला हात हलवून त्या म्हणाल्या, "जावा आता. लिंबू चोळून हात धुवा, नायतर बायको घरात घेणार नाय. आणि पुढच्या रविवारी कॅन मोठा न्या. अबोली उपाशी राहिली."

गुरुवारी त्या गेल्या. गाडीत एकही कुंडी घेतली नाही. मुलीने हेल्मेट तरी घेऊ या म्हणून आग्रह केला, तर म्हणाल्या, "घाटात उलटी होते ह्यांना. सर बघतील." माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. विचारलेही नाही. घरातल्या सगळ्या कुंड्या पत्नीने आणि मी वर आणल्या. होळीनंतर कढीपत्त्याला तांबूस कोंभ आले. मी फोन करून सांगितले. पलीकडून एवढेच आले, "मी काय बोलले होते?"

पावसाळा संपता संपता त्यांच्या मुलीचा फोन आला. आदल्या दिवशी दुपारी झोपेतच काकी गेल्या होत्या.

आता खाली एक तरुण जोडपे भाड्याने राहते. सांगलीकडचे. पहिल्याच दिवशी त्यातल्या मुलीने माझ्या पत्नीला सांगितले होते की आमच्याकडे अंडेसुद्धा चालत नाही. गेल्या रविवारी मी बाजारातून परतल्यावर झाडांचे उरकून कॅन धूत होतो. ती मागच्या दारातून आली, संकोचत.

"काका, थोडा कढीपत्ता घेऊ? रोज वास येतो पानांचा, राहवतच नाही."

"घ्या की."

तिने दोन डहाळ्या खुडल्या, नाकाशी धरल्या. "असा कढीपत्ता आमच्याकडे मिळत नाही. काय घालता हो याला?"

गप्प राहणे अवघड नव्हते. काकी माझ्यापुढे गप्प राहिल्याच होत्या. पण त्यांचे गप्प राहणे माझ्या जेवणासाठी होते. मी गप्प राहिलो असतो तर ते खालच्या दारातून तक्रार येऊ नये म्हणून.

"मासे धुतलेलं पाणी," मी म्हणालो. "दर रविवारी मीच घालतो."

तिने डहाळ्या नाकापासून दूर केल्या. हातातल्या पानांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, कॅनकडे पाहिले. "बरं," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतले.

मी वर आलो. लिंबू चोळून हात धुतले आणि टॉवेल घेऊन गॅलरीत उभा राहिलो. खालच्या स्वयंपाकघरात तेल तापल्याचा वास आला. मोहरी तडतडली. मग क्षणभर काहीच नाही. मी टॉवेल हातातच धरून ऐकत होतो. आणि मग ओली पाने तेलात पडल्याचा चरचराट झाला.