पहिल्या खुर्चीचा श्वास

आमचे हे व्हायोलिन वाजवतात, आणि सुरू करण्याआधी नाकातून असा काही श्वास घेतात की मागच्या रांगेत डुलक्या काढणारासुद्धा जागा व्हावा. चौघांच्या वादनात हातवारे करून सुरुवात करून देणारा कोणी नसतो. पहिल्या खुर्चीवरच्या व्हायोलिनवाल्याने श्वास घ्यायचा आणि त्यावर चौघांनी गज तारांवर टेकवायचा. माझा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा जरा जाड आवाजाचा थोरला भाऊ, यांच्या त्या श्वासावरच म्हातारा झाला.

जुने दोन जोडीदार थकले, तेव्हा यांनी दोन तरुण पोरं हाताशी धरली. मांडीशी उभा धरून वाजवायच्या मोठ्या चेलोवर लंबू आणि व्हायोलिनला चिमणी, ही नावं आम्हीच ठेवलेली. पोरगी वाजवते अशी की ऐकत राहावं. यांनी सरळ तिला पहिली खुर्ची दिली आणि स्वतः दुसरीवर जाऊन बसले. मी म्हटलं, "अहो, मला नाही कधी पुढे बसवलंत." हे नुसते हसले.

पण झालं भलतंच. चिमणी श्वास घेईचना. ती यांच्याकडे कान लावून बसायची, आणि हे सवयीने नाकातून सूं करून मोकळे. खुर्ची तिची, सुरुवात यांची. सरावाच्या खोलीत रोज हेच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोरगी रडकुंडीला आली.

"आजोबा, मला मागेच बसवा. पुढे बसणं मला जमायचं नाही. नाहीतर मी सोडतेच हे सगळं."

"उद्या बघू," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पोर वाजवणं सोडायला निघाली आणि हे म्हणे उद्या बघू. घरी जाताना मी यांना चांगलंच फैलावर घेतलं. "तिचं काही चुकत नाही. तुमचं नाक आवरा."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. तारा जुळवून झाल्या, गज वर गेले. चिमणी सवयीने थांबली. खोटं कशाला बोलू, माझाही कान यांच्याकडेच होता. पण सूं काही येईना. पाहते तर काय, यांनी आतली सगळी हवा सोडून ओठ घट्ट मिटलेले. चेहरा लाल, मानेची शीर टरारलेली. लोक खाकरायला लागले. मला वाटलं, हा हट्टी माणूस आज इथेच आडवा होणार. चिमणीने यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, इकडून आता काही येणार नाही. तिने खांदे सैल सोडले आणि श्वास घेतला. लहानसाच, पण तिचा. तेव्हा कुठे यांनीही घेतला, आणि चारही गज एकदम टेकले.

शेवटी टाळ्या थांबेनात, म्हणून आणखी एक छोटी रचना वाजवायचं ठरलं. हे अजून रुमालाने मान पुसत होते. चिमणी काही यांच्यासाठी थांबली नाही. तिने श्वास घेतला, आम्ही सुरू झालो आणि हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मागे राहिले. रुमाल मांडीवर टाकून धडपडत त्यांनी आम्हाला गाठलं. मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर डोळ्यांत पाणी आणि हसू गालांत मावत नव्हतं.

घरी आल्यावर म्हणाले, "अगं, पोरीने मला सोडून सुरुवात केली." झोपेपर्यंत हेच सांगत होते. मीही दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं.