डाव्या पायाचे नऊ थर

गल्लीत त्यांना सगळे मापकाका म्हणत. समोर माणूस आला की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची आणि मग, सवड मिळालीच, तर तोंडाकडे. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. बँकेतले साहेब म्हणजे आठ नंबर, अंगठ्याशी हाड वाढलेलं. शाळेतल्या बाई म्हणजे पाच नंबर, उजवी टाच आधी झिजवणाऱ्या. चाळीस वर्षं ज्याने लोकांचे पाय हातात धरले त्याला चेहरा ही नंतरची गोष्ट वाटू लागली, तर त्याला कोण काय करणार!

पुढे दुकान आणि मागे राहायची खोली. दुकानाच्या भिंतींवर छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ओळीने कलबुतं. कलबूत म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाची जोडी वेगळी ठेवलेली असे. कुणाच्या पायाला भोवरी आली, कुणाचं हाड वाढलं, की मापकाका नवं लाकूड कोरत बसत नसत. त्या जागी चामड्याचा पातळ थर चिकटवायचा, कानशीने घासायचा आणि वर तारीख टाकायची. झालं नवं माप.

अगदी वरच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून, त्यांची स्वतःची जोडी होती. उजवं पाऊल होतं तसं गुळगुळीत. डाव्यावर नऊ थर होते.

पहिला थर अकरा वर्षांपूर्वीचा. डावा पाय संध्याकाळी जड व्हायचा, सकाळी उतरायचा. मग सकाळीही उतरेनासा झाला. दुसऱ्या कुणाला बूट चावला असता आणि तो ओरडत डॉक्टरकडे गेला असता. मापकाकांना त्यांचा बूट कधी चावलाच नाही, कारण चावायच्या आत ते एक थर चढवायचे आणि नवा बूट घडवायचे. पाय वाढला, बूट वाढला, तक्रारीला जागाच उरली नाही. ही चूक दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाच्या हातून झाली नसती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं लोक नुसतं म्हणतात. हा गृहस्थ दिवसभर अक्षरशः तेच करत होता. पँट लांब घालायची, बसताना डावा पाय टेबलाखाली सारायचा. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोलाही नाही.

धंदा खरं तर दोघांचा. ते कापायचे, ती शिवायची. बुटाच्या वरच्या भागाला अपर म्हणतात. दुकानातलं प्रत्येक अपर तिच्या मशीनखालून गेलेलं. आठ वर्षांपूर्वी तिचं दुखणं बळावलं. फार दिवस नाहीत हे तिला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्या दिवसांत ते चामडं आणायला बाहेर गेले की ती हळूच उठून मशीनवर बसायची. तीन-चार दुपारी खर्चून तिने त्यांच्यासाठी एक जोडी कापली आणि शिवलीही. बदामी रंगाचं मऊ चामडं, कडेने दुहेरी टीप.

"जन्मभर तुम्ही कापलेलंच शिवत आले," ती म्हणाली. "हे मात्र सगळं माझं. आता तळ लावा आणि मला एकदा घालून दाखवा."

"लावतो की," ते म्हणाले.

पण खिळ्याला त्यांच्या मापाचा जुना पुठ्ठ्याचा नमुना टांगलेला होता. तिने त्याच्यावरूनच कापलं असणार, दुसरं काय? तो नमुना बिनथराच्या कलबुताचा. डावा पाय त्यात शिरणार नाही, मग सगळं उघडं पडेल, आणि आधीच बिछान्याला खिळलेल्या बाईला आणखी एक घोर. उद्या लावतो. दोरा संपलाय. तळाचं चामडं अजून ओलं आहे. सात दिवस तिने विचारलं. आठव्या दिवशी विचारलं नाही. त्यानंतर दोन आठवड्यांनी ती गेली.

ती अपरं त्यांनी कागदात गुंडाळली, वर दोरी बांधली आणि पुडकं मशीनच्या खणात ठेवलं. पुन्हा उघडलं नाही. पण असा एक दिवस गेला नाही की त्यांना त्या जोडीची आठवण झाली नाही. एकदा, एकदाच पाय पहिल्यासारखा व्हावा, ती जोडी पायात चढावी आणि खोलीतून दारापर्यंत चालून यावं. एवढंच मागणं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही आणि पाय वाढतच राहिला.

यंदा टाचेशी एक क्षुल्लक ओरखडा उठला आणि दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला. तापाने फणफणलेल्या बापाला बघायला लेक धावत आली. ती चार गल्ल्या पलीकडे राहायची. तिने पँट वर सारली आणि पायाला बोट लावून पाहिलं.

"बाबा, हे कधीपासून?"

"थोडी सूज आहे गं." तिने पुढे दुकानात जाऊन वरच्या फळीवरचं डावं कलबूत फिरवून पाहिलं आणि परत आली.

"थोडी? हा पाय आहे की उशी? पाय सुजला की माणसं डॉक्टरकडे जातात. तुम्ही लाकडाला सूज आणत बसलात!"

ताप उतरल्यावर तिने त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणजे नऊ नंबर, सपाट तळवे, आणि बूट असे की बघवत नव्हते. त्यांनी आधी पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली. कुठे गाठ अडकलेली नव्हती, रक्त नीट वाहत होतं.

"म्हणजे दोष रक्ताच्या नळ्यांचा नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्तातून जे पाणी बाहेर झिरपतं ते परत वर न्यायला शरीरात आणखी बारीक नळ्या असतात, लसिकेच्या. त्या साध्या फोटोत दिसत नाहीत. त्यांचा वेगळा फोटो काढू."

कॅमेऱ्याच्या खोलीत एक तंत्रज्ञ मुलगी होती. चार नंबर, चाल हलकी. तिने दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचकीत बारीक सुई टोचली. मापकाकांनी दात घट्ट आवळले. सुईतलं औषध अगदी किंचित किरणं सोडतं आणि वरचा भलामोठा कॅमेरा ती टिपतो, असं तिने सांगितलं. मग त्यांना उठवून व्हरांड्यात चालायला लावलं, परत झोपवलं, पुन्हा फोटो. दोन तासांनी पुन्हा.

पडद्यावर उजव्या पायातून ठिपक्यांची एक सरळ रांग जांघेपर्यंत चढली होती. डाव्या पायातलं औषध टोचलं तिथेच साचून राहिलं होतं. वर घोट्याभोवती नुसता धुरकट डाग.

"पाणी चढतच नाहीये," डॉक्टर म्हणाले. "काहींच्या या नळ्या जन्मापासून कमी असतात. तरुणपणी निभावतं, पुढे त्या पुऱ्या पडत नाहीत. सुरुवात कधी झाली, आठवतं?"

"तारीख सांगू?"

दुसऱ्या दिवशी लेकीने पिशवीतून डावं कलबूत आणलं. डॉक्टरांनी ते हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवलं. थर मोजले, तारखा वाचल्या, मग फोटो आणि लाकूड शेजारी-शेजारी ठेवून हसले. "फोटो मला आज काय आहे ते सांगतो. ते कसकसं होत गेलं, ते हे लाकूड सांगतं. काका, असा केसपेपर मी आजवर पाहिला नाही."

"उपयोग काय?" लेक फणकारली. "डॉक्टर सोडून सगळ्या गोष्टी केल्या यांनी."

मापकाकांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फक्त एकच विचारलं. "हे नऊच्या नऊ थर निघतील का?"

"का हो? नऊच का?"

"एक जोडी घालायची आहे."

डॉक्टर आधी बघू या म्हणाले, एखादी नळी जिवंत आहे का.

त्यासाठी आणखी एक तपासणी झाली. या वेळी सुईत हिरवा रंग होता, आणि खोलीतले दिवे मालवले होते. चार नंबर मुलीने हातातला छोटा कॅमेरा पायावरून फिरवायला सुरुवात केली. घोट्याभोवती पडद्यावर सगळं विस्कटलेलं चांदणं. नुसता चुरा, कुठे वाट म्हणून नाही. मग ती कॅमेरा पोटरीच्या बाहेरच्या बाजूला घेऊन गेली, थांबली आणि म्हणाली, "काका, हे बघा."

एक रेघ होती. बारीक, पण सलग. पोटरीवरून गुडघ्याच्या मागे जाणारी, आणि मधूनच एखादा उजळ ठिपका तिच्यातून वर सरकत होता.

"ही चालू आहे," ती म्हणाली आणि मार्कर घेऊन त्या रेघेवरून कातडीवर खूण करत गेली. मापकाका एकदम उठून बसले. चामड्यावर आधी खूण आणि मग हात, हे तर त्यांचंच काम! इतकी वर्षं ते पाय बाहेरून मापत आले होते. आतून कुणी मापलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. आपल्या पायात अजून एक जण राबतोय, एकटाच, अकरा वर्षं, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले.

ऑपरेशनचं पुढे पाहू, असं ठरलं. आधी त्या नळीकडून काम करून घ्यायचं. साचलेलं पाणी बोटांनी हलक्या हाताने तिच्याकडे वळवायचं, मग पट्ट्या गुंडाळायच्या, पट्ट्या बांधूनच चालायचं, कातडी जपायची. मार्करची खूण धुऊन जाऊ नये म्हणून मापकाका रोज ती पेनने गिरवत. लेक दम देत असे, "जोर नका लावू, चामडं नाही ते!" पण चाळीस वर्षं मुरलेला हात होता; चामडं कुठे ताणायचं नाही हे ज्याला कळतं त्याला कातडीचं काय सांगायचं. दर आठवड्याला टेप घेऊन पाय मापायचा. पाय एका थराइतका उतरला की ते चामडं कापायची रापी तापवून कलबुतावरचा वरचा थर सोडवत. पहिला निघाला तेव्हा त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं. तिसरा निघाला तेव्हा शेजारपाजारच्यांनाही. सहा महिन्यांत सहा थर निघाले.

मग पाय थांबला. एक महिना गेला, दुसरा गेला. टेप तिथल्या तिथे. मापकाकांनी मालिश दुप्पट केली, पट्ट्या आवळल्या, जेवणातलं मीठसुद्धा सोडलं, जे कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा हिरवा रंग टोचून पाहिलं. रेघ आता ठळक झाली होती, तिच्या बाजूला एक नवी, केसासारखी रेघही दिसत होती. चार नंबर मुलगी हरखली. डॉक्टरांनी मग सोनोग्राफीचं यंत्र घोट्यावर टेकवलं आणि पडद्यावरची जाड पांढरट पट्टी बोटाने दाखवली.

"पाणी होतं ते गेलं, काका. जे अगदी सुरुवातीला साचलं ते आता पाणी राहिलेलं नाही, घट्ट झालंय. ते मालिशने जाणार नाही. पण पाय सांभाळलात तर पुन्हा वाढणार नाही. खरं सांगायचं तर मला इतकीही आशा नव्हती."

"म्हणजे तीन राहणार."

"तीन राहणार."

लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, सहा गेले की!" तिचं बरोबरच होतं. मापकाकांनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्यांनी रस्त्यात एकाच्याही पायाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनचा खण उघडला. आता वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. जोडी बसणार नाही. पण कितीने बसत नाही ते तरी बघावं, आणि वाटलं तर कडेला एखादी पट्टी घालावी. त्यासाठी बायकोची टीप उसवावी लागणार, म्हणून त्यांनी सगळ्यात बारीक रापी काढून ठेवली. आठ वर्षांची दोरी नुसत्या ओढण्याने तुटली.

उजवं अपर उजव्या कलबुतावर ओढलं. चपखल बसलं. मग त्यांनी डावं घेतलं आणि तीन थरांच्या लाकडावर टेकवलं. चामडं कुठे कमी पडतंय ते बघायला चष्मा पुढे ओढला.

कुठेच कमी पडत नव्हतं. टाचेपासून चवड्यापर्यंत ते असं बसलं की बोटाने सुरकुती शोधावी लागली असती.

त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. त्यांनी दोन्ही अपरं काढून एकावर एक ठेवली. डावं मोठं होतं. घोट्याशी मोठं, पायाच्या वरच्या बाजूला मोठं, अगदी जिथे हवं तिथेच. खिळ्यावरचा पुठ्ठा काढून उजेडात धरला, तर त्यांच्या जुन्या रेघेच्या बाहेर पेन्सिलची दुसरी, पुसट रेघ होती. अशी रेघ तीच ओढायची, पेन्सिल न उचलता. मग त्यांनी कलबुतावरच्या तिसऱ्या थराची तारीख वाचली. तिचं दुखणं बळावलं त्याच्या आदल्याच महिन्यातली.

त्यांचे मोजे तीच धुवायची, तीच रफू करायची. डावा मोजा दर वेळी आधी सैल पडलेला तिला दिसला नसेल? वरच्या फळीवरचं, भिंतीकडे तोंड केलेलं लाकूड तिने कधी फिरवून पाहिलं नसेल? सगळं बघितलं होतं, मापलं होतं, आणि ज्याला सांगायचं नाही त्याला लाजवायचं नाही म्हणून गप्प बसली होती.

लेक डबा घेऊन आली तेव्हा मापकाका मशीनशी बसले होते, डावं अपर मांडीवर घेऊन.

"काय झालं? नाही बसत का?"

"बसतं," ते म्हणाले. "तेव्हाही बसलं असतं गं. सात दिवस विचारत होती ती."