सम्राट गॅल्बा, इनामदार आणि माझं एक वाक्य

गॅस एकशे पंचेचाळीस डॉलर, वाटेतलं मोटेल नव्वद, वर ओहायोचा टोल. संग्रहालय फुकट. आयसेलिनहून मिशिगनला जाऊन रोमचा सम्राट बघायचा तर खर्च एवढाच. मला जास्त पडला, कारण मी तिथे एक वाक्य बोललो.

आमची मुक्ता तिकडे रोमच्या इतिहासात पीएचडी करते. मिठाईवाल्याच्या घरात हे खूळ कुठून आलं, मला विचारू नका. तिथल्याच नोव्हाय गावच्या निखिल इनामदारशी तिचं जमलंय. त्याच्या आईवडिलांशी आमची पहिली भेट विद्यापीठाच्या संग्रहालयात, ही कल्पनाही तिचीच. "पोहे खात एकमेकांना जोखण्यापेक्षा बरं ना, बाबा?"

सुनंदा, म्हणजे आमची ही, मला गाडीत बजावत होती, "मोठं घराणं आहे. जपून बोला."

"अगं, तीस वर्षं काउंटरवर उभा आहे. दारातून आत येणारा पाव किलो घेणार की नुसतं चाखून जाणार, तोंडावरून सांगतो."

जाणाऱ्यांसाठी: ऐंशी नंबरचा रस्ता पेनसिल्व्हेनियात डोंगरांतून जातो, फार देखणा; हरणं सांभाळा. ओहायो सपाट, झोप येते. डबा घरचा न्या. आमची दोन राज्यं धपाट्यांवर निघाली.

इनामदार निघाले उंच, कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. मी मनात म्हटलं, चाखून जाणारं गिऱ्हाईक.

मुक्ताने काचेतलं गॅल्बाचं नाणं दाखवलं आणि माझा गोंधळ सुरू झाला. घराणं सुल्पिकियस. घरातल्या वंशावळीत बापाकडून थेट ज्युपिटर देव! पोरांची नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच ती. याचं नाव सर्व्हियस. मग सावत्र आईने दत्तक घेतलं म्हणून ल्युशियस. गादीवर बसल्यावर पुन्हा सर्व्हियस.

"घरातलाच पोरगा दत्तक? कशाला?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज, पुढे ऐका." बायको-मुलं आधीच गेलेली, म्हणून म्हाताऱ्याने पिसो नावाचा एक खानदानी तरुण दत्तक घेतला. काही दिवसांत शिपायांनी दोघांचीही डोकी उडवली. राज्य जेमतेम सात महिने.

तेव्हा मी बोललो. मोठ्याने. "दत्तक तो दत्तकच. रक्ताचं ते रक्ताचं."

निखिलने मान खाली घातली. मुक्ता माझ्याकडे बघतच राहिली. इनामदार शांतपणे म्हणाले, "मी दत्तक आहे. सहा वर्षांचा होतो. चुलत्यांनी घेतलं."

बाजूलाच एका टक्कल पडलेल्या, ओठ मुडपलेल्या म्हाताऱ्याचं संगमरवरी डोकं होतं. मी निखिलला म्हटलं, "जरा याच्यासोबत फोटो काढ." कुठेतरी तोंड फिरवायचं होतं.

नोव्हायला त्यांच्या घरी जेवायला निघालो. मुक्ता गाडीत मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "दे माइट से नो, बाबा."

जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर इनामदारांची वंशावळ. मी ताटाकडे बघत होतो. निखिलची आई आमटी वाढत होती.

"माने," इनामदार म्हणाले, "त्या शिपायांना मुळात राग कशाचा?"

मी मुक्ताकडे पाहिलं. ती म्हणाली, "कबूल केलेलं बक्षीस गॅल्बाने दिलं नाही, काका. म्हणाला, मी शिपाई भरती करतो, विकत घेत नाही."

"अहो, मग राज्य जाणारच!" माझ्याने राहवेना. "दिवाळीचा कबूल केलेला बोनस बुडवा, कारागीर दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात!"

"म्हणजे दत्तकाचा दोष नव्हता."

"नव्हता, इनामदारसाहेब. चुकलंच माझं."

"सुनंदावहिनींना पुरणपोळी वाढ गं," ते बायकोला म्हणाले. "आणि व्याह्यांना दोन."

व्याही! सुनंदाने पदर डोळ्याला लावला. मला मात्र कळेना, माणूस रागावला कधी आणि निवळला कधी. चेहऱ्यावर काही हललंच नव्हतं.

परतीचा रस्ता तोच, पण ओहायोत झोप आली नाही. साखरपुडा दसऱ्याला आहे. संगमरवरी म्हाताऱ्यासोबतचा तो फोटो मोठा करून काउंटरमागे लावला. आलेल्या प्रत्येकाला सांगतो, हे सम्राट गॅल्बा. त्याचा फोटो मुक्तालाही पाठवला.

तिचं उत्तर आलं: "बाबा, हा गॅल्बा नाही. खालच्या पाटीवर लिहिलंय, कोणी एक म्हातारा, नाव माहीत नाही."